चिमूटभर मिठाची घाई

गल्लीत त्यांना सगळे थांबाराव म्हणत, आणि तोंडावर म्हणत. प्लास्टरचे साचे काढणारा माणूस; गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिला शब्द ‘थांबा’. शेजारणीने शिडी मागितली तरी ‘थांबा, धरतंय अजून’. धरत असायचं ते प्लास्टर. शिडी बिचारी भिंतीला मोकळीच!

पण त्यांचंही चुकत नव्हतं. ती पांढरी पूड म्हणजे भाजलेला दगड. भट्टीत तिच्यातलं पाणी उडून जातं. ते परत मिळालं की ती पुन्हा दगड व्हायला निघते, अंगात ताप भरावा तशी गरम होते, आणि आपल्या सवडीने घट्ट होते. उतावळे कारागीर पाण्यात मीठ टाकतात. प्लास्टर झटकन धरतं, पण ठिसूळ निपजतं, आणि हवा दमट झाली की मिठाला घाम फुटतो. थांबारावांच्या कारखान्यात (कारखाना कसला, मागची खोली!) मिठाला सक्त बंदी. “मीठ ताटात, बादलीत नाही,” हे त्यांचं ब्रीद.

निम्म्या गल्लीच्या बाळांचे हातपाय त्यांच्या फळीवर होते. एका पहिलवानाचा पंजा होता. एका वकिलाने तर मांजर आणलं होतं. मांजर निमूट बसलं, आरडाओरडा वकिलानेच केला. फळीवर नव्हता तो एकच हात, त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा. पूड चाळायची काकूंनी, गार पाण्यात हात घालून कालवायची काकूंनी, साचे धुवायचे तेही काकूंनीच.

“अहो, एकदा माझाही हात घ्या की.”

“थांब गं. तू कुठे पळून चाललीयेस?”

एवढा संवाद आम्हा शेजाऱ्यांना तोंडपाठ होता. आम्ही हसायचो. काकूही हसायच्या. हसता हसता त्यांची बोटं वाकडी झाली आणि हात थरथरू लागला, ते थांबारावांना सोडून सगळ्यांना दिसलं.

शेवटी लेक आली. “आई आता माझ्याकडे राहील. बाबा, तुम्हीही चला.”

“हातातलं काम उरकू दे. मग येतो.”

निघायच्या सकाळी मात्र त्यांना काय झालं कोण जाणे. दातांची मापं घ्यायचा गुलाबी लगदा त्यांनी स्वतः कालवला. काकूंची बोटं सरळ होईनात. “आहे तसाच घ्या,” त्या म्हणाल्या. थांबारावांनी त्यांचं मनगट धरून ठेवलं. लगदा घट्ट झाल्यावर हात अलगद बाहेर आला, मागे हाताच्या आकाराची पोकळी राहिली. आता त्यात प्लास्टर ओतायचं आणि वाट बघायची.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लेक म्हणाली, “आई, उशीर होतोय.”

मांडीवर पिशवी घेऊन काकू स्टुलावर बसून राहिल्या. “बघून जाते.”

थांबाराव स्वयंपाकघरात गेले आणि मूठ मिटून परत आले.

“अहो, मीठ?”

“चिमूटभर.”

प्लास्टर भराभर तापलं, भराभर धरलं. त्यांनी लगदा सोलायला घेतला. तळवा आला, तळव्यावरच्या रेषाही स्पष्ट आल्या. वाकडी बोटं मात्र आतच अडकली. जरा ओढताच कटकन तुटली.

काकूंनी तळवा टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला. “बोटं राहू देत तुमच्याजवळ. पूड चाळायला लागतील,” म्हणाल्या आणि उठल्या. हसल्या असाव्यात, त्या पाठमोऱ्या होत्या.

ती बोटं आता फळीवर पहिलवानाच्या पंजाशेजारी आहेत. हवा कुंद झाली की त्यांना ओल सुटते, ऊन पडलं की मिठाचा पांढरा, बुरशीसारखा खार वर येतो. थांबाराव फडक्याने पुसतात. तो पुन्हा येतो. हातातलं काम कधीच उरकलंय. नवं कोणी आणत नाही, आणलं तर ते घेत नाहीत.

फोनवर काकू विचारतात, “मग? कधी येताय?”

“ही बोटं जरा वाळू देत,” ते म्हणतात, आणि दुसऱ्या हाताने फडकं शोधतात.