सतरा नंबरचा फोन

एकतीस वर्षं बाईंनी लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि म्हातारपणी नोकरी मिळाली ती लोकांना तोडून ठेवायची. टेलिफोन एक्स्चेंजात त्या ऑपरेटर होत्या. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर घरी गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ध्यानकेंद्रातही सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत.

केंद्रात दहा दिवसांचं मौन असे. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. ‘हजारो वर्षांपूर्वीची विद्या’ असं फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं आणि त्याच्याच खाली गाड्या कुठे लावायच्या त्याचा बाण. आल्या दिवशी प्रत्येकाने आपला फोन बंद करून बाईंच्या हवाली करायचा. बाई तो चाळीस कप्प्यांच्या लोखंडी कपाटात ठेवत, नंबराचा पत्र्याचा बिल्ला देत आणि दहाव्या दिवसापर्यंत त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसत.

हे सगळं थोतांड म्हणून मोकळं व्हायची सोय नाही. नवरा गेल्यावर बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दोन वर्षं गोळ्या, छातीत धडधड, सुनेशी रोजची खडाजंगी. इथे पहिल्यांदा दहा दिवस बसल्या आणि अकराव्या दिवशी सलग सात तास झोपल्या. गुरुजींनी शिकवलं ते एवढंच, की मनात काही उसळलं तर त्याच्यामागे धावायचं नाही, नुसतं बघायचं. आलं तसं जातं. बाईंचं खरोखर जायचं. ज्याने बरं वाटलं त्यावर माणूस विश्वास ठेवणारच.

एकदाच त्या चुकल्या होत्या. गेल्या वर्षी एका दुकानदाराचा फोन बंद करायचा राहिला आणि त्यावर त्याच्या भावाचा फोन वाजत राहिला. बाईंना राहवलं नाही, त्यांनी आत चिठ्ठी पाठवली. दुकानदार मौन सोडून धावतपळत घरी गेला, तर भावाला हवी होती गोदामाची किल्ली. व्यवस्थापकाने बाईंना चार लोकांत धारेवर धरलं. पुन्हा असं झालं तर घरी बसा, म्हणाला. घरी म्हणजे सुनेसमोर. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पिऊ लागल्या.

मग एका शिबिराला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी एकजण आली. पंचेचाळिशीची, लग्न न केलेली, म्हाताऱ्या वडिलांना एकटीने सांभाळणारी. नऊ वर्षांत तिने स्वतःसाठी म्हणून एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. तिला सतरा नंबरचा बिल्ला मिळाला.

“मावशी, बाबांना हो, मला फोन लागतो ते एकच बटण दाबता येतं,” ती म्हणाली. “इथल्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवून आलेय. शेजारीण दोन वेळा जेवण देणार आहे. तरी मन थाऱ्यावर नाही बघा.”

“अगं, जा बिनघोर. मी इथेच बसलेय ना,” बाई म्हणाल्या. बोलण्याच्या नादात फोन बंद केलाय का ते बघायचं मात्र राहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी कपाटाचा पत्रा घुमायला लागला. बाईंनी सतरा नंबरचा कप्पा उघडला. पडद्यावर ‘बाबा’. थरथरून फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. दुसऱ्याचा फोन उचलायचा नाही, हा केंद्राचा नियम. बाईंचं बोट दोनदा पुढे झालं, दोनदा मागे आलं. दुपारपर्यंत सोळा वेळा फोन आला.

एक्स्चेंजात असताना एकाच नंबरावरून असा धोशा लागला, की त्या चालू बोलणं मधेच थांबवून कॉल देत. दोन माणसं त्यांनी अशी शेवटच्या भेटीला पोचवली होती. त्या उठून व्यवस्थापकाकडे गेल्या.

“ऑफिसच्या फोनवर आला का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग? नंबर आहे ना त्यांच्याकडे? म्हाताऱ्या माणसांना दुसरा उद्योग काय! पुन्हा ते किल्लीचं प्रकरण नको, बाई.”

बाहेर अंगणात गुरुजी फेऱ्या मारत होते, बाई त्यांना सांगू लागल्या. माणूस लबाड नव्हता, चांगला होता. फक्त त्याने पूर्ण ऐकून घेतलं नाही. “वाजतोय फोन,” ते हळूच म्हणाले, “पण बेचैन तुम्ही झालाय. आधी त्या बेचैनीकडे बघा.”

बाई परत येऊन खुर्चीत ताठ बसल्या. डोळे मिटले. छातीत ठोके, तळहाताला घाम, घशात आवंढा. शिकवल्याप्रमाणे एकेक बघत गेल्या. पाऊण तासाने ठोके उतरले, आवंढा विरला. कपाट घुमत होतं आणि बाईंना काही होत नव्हतं. वाजत्या फोनपुढे शांत बसणं इतकी वर्षं साधलं नव्हतं ते आज साधलं, म्हणून त्यांना समाधानही वाटलं. सांगायलासुद्धा लाज वाटावी असं समाधान!

पाचव्या दिवशी फोन दोनदाच आला. दुसरा सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. मग गप्प. “निवळले बाबा,” बाई स्वतःशी म्हणाल्या. संध्याकाळी फोनची बॅटरी संपली.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. चष्मेवाली आली ती हसतच. “मावशी, नऊ वर्षांची झोप झाली हो!” बाईंनी फोन दिला, चार्जर दिला. सांगायचं ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं.

फोन सुरू झाला. आधी शेजारणीचा तिसऱ्या दिवशीचा निरोप होता. तिची आई आजारी पडली होती, ती तिकडे निघाली होती, बाबांच्या जेवणाचं दुसऱ्या कुणाला तरी सांग म्हणत होती. मौन बोलण्याचं असतं, वाचण्याचं नाही, अशी त्या बिचारीची समजूत. त्याच्याखाली बाबांचे एकवीस फोन.

वडिलांचा फोन बंद लागला. तिने इमारतीच्या वॉचमनला वर पिटाळलं. वीस मिनिटं दोघी कपाटासमोर उभ्या होत्या. मग वॉचमनचा फोन आला. दार फोडावं लागलं होतं. बाबा न्हाणीघराच्या दारात पडलेले होते. पाय वाकडा झालेला, मुठीत फोन. फ्रिज तिथून बारा पावलांवर होता. पाचव्या दिवशी दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत ते जिवंत होते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

चष्मेवाली रडली नाही. तिने फोनवरून मान वर केली.

“मावशी, हा वाजत होता?”

“हो.”

“तुम्हाला ऐकू येत होतं?”

“हो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

व्यवस्थापकाचं नाव सांगता आलं असतं. गुरुजींचंही. दोन्ही खरंच होतं. पण बाईंना तेवढा आडोसाही घेववला नाही.

“डोळे मिटून बसले,” त्या म्हणाल्या. “आणि मग मला बरं वाटलं.”