अक्कांची पाटी

माझ्या सासूबाईंना, भाग्यलक्ष्मींना, बंगळूरला आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आणि बोलणं? बाई गं! भाजीवाला, ऑटोवाला, वरच्या मजल्यावरची शिवलीला, कुणाची सुटका नाही.

मी पुण्याची. लग्न होऊन आले तेव्हा मोठ्या हौसेनं कन्नड शिकायचं पुस्तक आणलं, तर अक्कांनी ते माळ्यावर टाकून दिलं. "तुला कशाला गं ते? मी आहे ना बोलायला!" दुकानात मी तोंड उघडायच्या आत त्यांचा भाव करून झालेला असायचा. वर मिरवायच्या, "आमची शलाका गरीब गाय, सगळं मलाच बघावं लागतं." अस्सा राग यायचा! पण त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय?

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, पुन्हा पहिल्यासारखं बोलता येणार नाही. सोमवारी अ‍ॅडमिट व्हायचं ठरलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी बॅग भरायला बसलो. पुढून बटणांचे गाऊन, टॉवेल, त्यांचा कंगवा. आवाज बसलेला, तरी प्रत्येक वस्तूवर बोलणं चालूच. "तो निळा नको, त्यात मी भुतासारखी दिसते." शेवटी राहिली माझ्या नवऱ्यानं, रणजीतनं आणलेली पांढरी पाटी आणि मार्कर. मोबाईलवर टाइप करायला अक्कांनी साफ नकार दिला होता. मुंगीएवढी ती बटणं कोण दाबत बसणार, म्हणे.

"स्वल्प थांब, लिहून बघते," म्हणाल्या. झरझर लिहिलं आणि पाटी माझ्यापुढे धरली. "वाच."

सगळं कन्नडमध्ये. अक्कांची शाळा कन्नड, मराठी त्यांनी जन्मात कधी लिहिली नव्हती. ती नुसती बोलायची.

"अक्का, मला हे वाचता येत नाही."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते, म्हणजे मीच. रणजीत फक्त संध्याकाळी भेटायला येणार.

"अय्यो, मीच केलं गं हे," त्या म्हणाल्या. "तुझं पुस्तक मीच टाकलं."

असू दे म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मला इतका संताप आला की मी तिथून उठले आणि उगाचच भांडी घासत बसले. बाहेर आले तर अक्का पाटीवर अक्षरं काढून माझी वाट बघत बसल्या होत्या.

बॅग तशीच उघडी राहिली. त्यांनी मला गिरवायला बसवलं. 'नीरू' म्हणजे पाणी, 'नोवु' म्हणजे दुखतंय, 'साकु' म्हणजे पुरे. चुकलं की टपली! सोमवारी ऑटोत बसेपर्यंत शिकवत होत्या. तेवढे तीनच शब्द मला धड ओळखता यायला लागले. ऑपरेशनला आत नेताना "सरी, चालेल. दवाखान्यात आणखी काय लागतं?" असं म्हणाल्या. आम्ही ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य.

ऑपरेशन नीट झालं. नळीतून अन्न, गळ्याला पट्ट्या. 'नीरू' लिहिलं की मी नर्सला हाक मारायची, ती ओल्या कापसानं ओठ पुसायची. 'नोवु' लिहिलं की इंजेक्शन. नर्स केरळच्या, त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी अगदी दुभाषी झाल्याच्या तोऱ्यात.

मग एका दुपारी अक्का उशीला टेकून बसल्या आणि पाटी भरून लिहिलं. लिहिताना डोळे पुसत होत्या. पाटी माझ्यापुढे धरली. मी ओळीमागून ओळ शोधली. त्यात पाणी नव्हतं, दुखणं नव्हतं. मी नुसतीच मान डोलावली. "हो हो, अक्का."

त्यांना कळलंच. फोटो काढावा म्हणून मी मोबाईल शोधेपर्यंत त्यांनी तळहातानं सगळं पुसून टाकलं होतं.

संध्याकाळी रणजीत आल्यावर मी त्याच्या देखत हात जोडले. "अक्का, परत लिहा ना, हा वाचून दाखवेल." त्यांनी मार्कर घेतला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकच शब्द लिहिला.

साकु.

तो मला वाचता आला.