वाकडे स्टंप

मी अंधेरीतल्या एका केबल कंपनीत चॅनेल दाबतो. कामाचं नाव मोठं आहे, पण काम एवढंच: एका चॅनेलच्या वाट्याचा डेटा काढून दुसऱ्याला द्यायचा. कोपऱ्यातला 'एचडी'चा शिक्का तसाच राहतो, चित्राच्या रेषाही तेवढ्याच राहतात, फक्त बारकावा जातो. आधी मैदानावरचं गवत जातं, मग प्रेक्षकांचे चेहरे. ग्राहकांना सहसा पत्ताही लागत नाही.

बाबांना लागायचा. ते गिरणीत कापड तपासायला होते. तागा डोळ्यांखालून सरकताना एक धागा तुटलेला असला तरी त्यांचा हात थांबायचा. तेही एकाच डोळ्याच्या जोरावर. डावा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. मुलुंडच्या घरी मॅच बघता बघता ते ओरडायचे, "झिला, आज गवत विरलंय रे. किती दाबलंत?" आणि खरंच, त्याच सकाळी मी दाबलेलं असायचं. ऑफिसात मी मिरवायचो, तुमच्या मशीनपेक्षा आमच्या म्हाताऱ्याचा डोळा भारी आहे.

उन्हाळ्यात नवीन चॅनेल आले आणि वरून हुकूम आला, खेळाच्या चॅनेलचा वाटा कापा. कापला. त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "मधोमध विरलंय रे. आणि ते स्टंप वाकडे का दिसतात?"

"कॉम्प्रेशन, बाबा," मी जेवता जेवता म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. घरात या विषयातला शहाणा मीच ना! पुढे तीन महिने ते अधूनमधून विचारायचे, "अजून दाबलेलंच आहे काय?" मी हो म्हणायचो. ते खोटंही नव्हतं.

मग मोठी स्पर्धा तोंडावर आली म्हणून कापलेला वाटा परत दिला. शनिवारी घरी टीव्हीसमोर बसलो. चित्र झकास, गवताची पाती मोजून घ्यावीत असं. बाबा खुर्ची पुढे ओढून, मान तिरकी करून बघत होते.

"काही सुधारलं नाही रे तुमचं," ते म्हणाले. "स्टंप अजून वाकडेच."

मी खिडकीकडे बोट दाखवलं. "बाबा, खिडकीचे गज बघा."

"तेही वाकलेत. मला वाटलं, बिल्डिंग जुनी झाली."

कॉम्प्रेशन गवत खातं, चेंडू खातं, चेहरे पुसतं. सरळ रेघ ते कधीही वाकवत नाही. कामावर आलेल्या नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली रक्त साकळलंय. इंजेक्शनांनी पुढचं नुकसान कदाचित थांबेल, गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही. "लवकर का नाही आलात आजोबा? कधीपासून होतंय हे?"

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. माझा चेहरा त्यांना नीट सापडला नाही, ते माझ्या खांद्याशी बघत राहिले.

"परवापासून," ते म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली.

"तीन महिन्यांपासून," मी म्हणालो. "ते मला सांगत होते."