गाणं संपायच्या आधीच्या टाळ्या

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासाने मला अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या माझ्या शेजारच्या आजी आठवतात. दोन हजार चार साली त्या घर सोडून वृद्धाश्रमात निघाल्या होत्या आणि मी बेसमेंट आवरायला गेले होते. एका पेटीत तेलकट वासाची जुनी बंदूक आणि पदकं निघाली. त्याच्याही शंभर वर्षं आधी त्यांचे वडील हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपायच्या स्पर्धा जिंकत. "तेव्हा कानात बोळे कोणी घालत नसे," आजी म्हणाल्या. "माझा जन्म झाला तोवर ते ठार बहिरे झाले होते." पदकांखाली एक वही होती. घरचे त्यांच्याशी त्या वहीत लिहून बोलत. एका पानावर लहान मुलीच्या अक्षरात होतं, 'बाबा, आज शाळेत मी गाणार आहे. याल ना?' मी विचारलं, "मग आले?" "आले ना. पहिल्या रांगेत बसले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. गाणं अजून संपलं नव्हतं." दुपारी म्युझियमचा माणूस येऊन बंदूक आणि पदकं घेऊन गेला. वही आजींनी पर्समध्ये ठेवली. हल्ली पुण्याला फोन केला, की माझं बोलणं चालू असतानाच माझे वडील म्हणतात, "छान, छान. ठेवतो मग." मी त्यांना ठेवू देते.