प्रधान साहेबांचा गुलाबी शॉवर

"मॅडम, माझ्या शॉवरमधून गुलाबी पाणी येतंय."

प्रधान साहेबांचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर होते. नेरूळमधली सात मजल्यांची सोसायटी. प्रधान साहेब तिचे चेअरमन, राहायला दुसऱ्या मजल्यावर. माझी माणसं रिकाम्या टाकीत उतरून भिंती घासत होती.

"गंजाचं असेल साहेब. तांबूस दिसतंय का?"

"मला गंज कळतो हो! गुलाबी! डोळ्यांत साबण गेलाय, तरी दिसतंय मला!"

"पण टाकीचं काम चालू असताना तुम्ही अंघोळ करताय?"

"लाईनमध्ये उरलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून करतोय!"

सकाळी पाणी बंद राहील, बादल्या भरून ठेवा, ही नोटीस त्यांच्याच सहीने लागली होती. पण अंगभर साबण लावलेल्या माणसाला असलं काही ऐकवू नये. मी "आले" म्हणाले आणि फोन ठेवला.

माझी छोटी फर्म आहे, कोपरखैरण्यात ऑफिस. सोसायट्यांचं प्लंबिंग मेंटेनन्स बघतो. मे महिन्यात लोक आम्हाला ज्या तक्रारींसाठी फोन करतात, त्यातल्या बऱ्याचशा फाल्गुनातच टाळता येतात. व्हॉल्व्ह कधी फिरवलाच नाही तर जाम होतो आणि नेमका टँकर दारात उभा असताना हातात तुटून येतो. टाकीत एक तरंगता गोळा असतो, टाकी भरली की तो पाणी बंद करतो. तो अडकला की टाकी वाहत राहते आणि खालच्यांना वाटतं वरचे झाडांना पाणी घालतायत. त्यावरून भांडणं होतात. म्हणून उन्हाळ्याआधी एक फेरी. टाक्या धुवायच्या, व्हॉल्व्ह फिरवून बघायचे, गोळे तपासायचे.

ही फेरी शिमग्याच्या आत उरकावी लागते. माझा फोरमन दळवी गुहागरचा. पालखी नाचवायला तो गावी जाणार म्हणजे जाणार. बाकीची माणसं होळीला यूपीला जातात. प्रधान साहेबांनी मात्र तारीख पुढे ढकलत ढकलत होळीच्या दिवसावर आणून ठेवली होती. कधी ऑडिट, कधी लिफ्टवाला, कधी त्यांची पाठ. त्या संध्याकाळी दळवीची गाडी होती आणि तो टाकी अशी घासत होता, जणू तिच्याशी जुनं वैर आहे.

"दळवी, टाकीत रंगबिंग काही आहे का?"

"मॅडम, या आत येऊन जेवायला बसा. एवढी साफ हाय."

मी वाकून बघितलं. टाकी खरंच चकाचक होती. म्हणजे रंग टाकीतून गेलेला नव्हता. एवढं कळलं, बाकी काहीच कळलं नाही.

खाली गेले तर प्रधान साहेब टॉवेल गुंडाळून दारात उभे. कपाळ गुलाबी, कान गुलाबी, पांढऱ्या मिशा तर फारच गुलाबी. दाराशेजारी नोटीस बोर्ड होता आणि त्यावर त्यांचंच पत्रक: "यंदा सोसायटीच्या आवारात पाण्याचे रंग खेळण्यास सक्त मनाई आहे."

मी पत्रकाकडे बघायचं टाळलं. त्यांनी मला टाळताना बघितलं.

"हसू नका."

"नाही हसत."

"ग्रुपवर बघा काय चाललंय!"

बिल्डिंगच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी किचनच्या नळाचा फोटो टाकला होता. खाली पहिला प्रश्न, 'पाण्यात रक्त आहे का?' दुसरा मेसेज, 'पोलिसांना कळवा.' तिसरा, 'आज दूधवाला आला नाही, तोच तर नाही ना टाकीत?' मग दूधवाल्याचाच मेसेज, 'मी येतोय, ट्रॅफिक आहे.'

"मॅडम, सगळं पाणी सोडून द्या," साहेब म्हणाले. "खालची टाकी पण रिकामी करा. मी रिस्क घेणार नाही. बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत."

ही मात्र हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. जमिनीखालच्या टाकीत बिल्डिंगचं सगळं पाणी होतं. त्या आठवड्यात आमच्या भागात पाणी कमी दाबाने येत होतं. सणाला टँकर मिळत नाही, कारण ड्रायव्हरही माणसंच असतात. ती टाकी सोडली असती तर धुळवडीला सात मजले कोरडे राहिले असते. न सोडावी, तर ते पाणी स्वच्छ आहे हे मला आधी दाखवावं लागणार होतं.

"मला थोडा वेळ द्या," मी म्हणाले. "कुठून येतंय ते सापडलं नाही, तर तुम्ही म्हणाल तसं करू."

"मी असाच उभा राहू?"

"कपडे घाला, साहेब."

खालच्या टाकीतलं पाणी पांढऱ्या बादलीत काढलं. नितळ होतं. मग एकेक दार वाजवत निघाले. पहिल्या मजल्यावर गुलाबी, तिसऱ्यावर गुलाबी. पण त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मात्र साधं पाणी. म्हणजे रंग एकाच लाईनमध्ये होता. गच्चीवरच्या टाकीतून फ्लॅटच्या प्रत्येक उभ्या रांगेला एक पाइप खाली येतो. त्याला आम्ही डाऊनटेक म्हणतो. त्याला वाटेत प्रत्येक मजल्याचे फाटे. चौथ्या मजल्यावर गुलाबी, पाचव्यावरही गुलाबी. सातव्याला कुलूप, माणसं सावंतवाडीला गेलेली. राहिला सहावा.

दार वाजवायच्या आधीच आतून आवाज आला.

"कोनी नेला? खरं सांगा, कोनी नेला?"

म्हात्रे काकूंनी दार उघडलं. मूळच्या जवळच्याच दिवाळे गावच्या. होळी म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा सण. मागे पुरणाचा वास आणि दोन नातवंडं गुन्हेगारासारखी भिंतीला टेकून उभी.

"काय झालं काकू?"

"अगं बाय, पिंपभर रंग केलता उद्यासाठी. आमच्या दिवाल्याला न्यायचा हाय. आता बग, अर्धा बी नाय! पोरं बोलतात आमी हात नाय लावला. मंग काय भूत पिलं?"

बाल्कनीत निळं पिंप होतं. त्यात गुलाबी रंग. बाल्कनीच्या नळाला हिरवा होज पाइप लावलेला आणि त्याचं दुसरं टोक थेट पिंपाच्या तळाशी. नळ उघडाच.

"काकू, नळ चालू का ठेवलाय?"

"भरता भरता पानी गेलं ना. येल परत म्हनून ठेवलाय."

मी बघत होते तेवढ्यात होज पाइप जरासा थरथरला आणि पिंपातली पातळी आणखी खाली गेली. धाकटा नातू ओरडला, "आजी, बघ! मी नव्हतो!"

मी फोन लावला. "साहेब, तुमचा नळ चालू आहे?"

"चेहरा धुतोय!"

"कशाने?"

पलीकडून "अरे देवा" ऐकू आलं आणि नळ बंद झाला.

गाडीच्या टाकीतून नळीने पेट्रोल ओढून काढताना तुम्ही बघितलं असेल. एकदा ओढ लागली की ते आपोआप खाली येत राहतं. इथे तेच. वर आम्ही टाकीचा व्हॉल्व्ह बंद केलेला. खाली साहेबांनी शॉवर उघडला. पाइपातलं पाणी खाली सरकलं, त्याच्या मागे पोकळी झाली आणि तिने जिथून मिळेल तिथून ओढून घेतलं. मिळालं काकूंच्या पिंपातून.

पण असं व्हायला नको होतं. यासाठीच गच्चीवर प्रत्येक डाऊनटेकला एक उभी, उघड्या तोंडाची नळी असते. व्हेंट पाइप. पाणी खाली गेलं की तिच्यातून हवा आत येते आणि ओढ लागत नाही. मी नळ बंद करून गच्चीवर गेले. साहेबही लिफ्टने आले, झब्बा घालून. बाकीच्या नळ्या उघड्या होत्या. या एकीच्या तोंडावर घट्ट एंड कॅप होती, म्हणजे पाइपाचं झाकण. वरून तिला फडकं बांधलेलं.

"हे कोणी केलं?" दळवी म्हणाला.

साहेब खाडीकडे बघायला लागले.

"साहेब?"

"ती फार आवाज करते हो. गुडूगुडू. मी इथे प्राणायाम करतो सकाळी. श्वास रोखला की नेमकी ती सुरू होते. मला वाटलं जुना तुकडा असेल, म्हणून वॉचमनकडून बंद करून घेतली."

दळवीने पान्याने कॅप सोडवली. नळीने एक लांब श्वास आत ओढला, फार दिवस कोंडून ठेवलेल्या माणसासारखा. दळवी म्हणाला, "घ्या, हिचा पन प्राणायाम झाला."

साहेबांना हसू आलं. पहिल्यांदाच.

मग काम सोपं होतं. होज काढला, ती एकच लाईन तळाशी उघडली, टाकीत थोडं पाणी चढवून ती लाईन स्वच्छ होईपर्यंत वाहू दिली. तिच्यावरच्या सगळ्यांना नळ सोडून ठेवायला सांगितलं. शेवटी पांढरी बादली साहेबांपुढे धरली. त्यांनी वाकून बघितलं, वास घेतला आणि ग्रुपवर स्वतःच लिहिलं, 'पाणी ठीक आहे. कारण तांत्रिक होते.' खालची टाकी वाचली. दळवीला गाडी मिळाली.

साहेबांचा रंग मात्र साबणाने गेला नाही, बेसनाने गेला नाही. संध्याकाळी होळीची पूजा चेअरमननेच करायची असते. त्यांना तसं बघून म्हात्रे काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "साहेबांनी पयला मान घेतला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. नोटीस बोर्डावरचं पत्रक नंतर दिसलं नाही. कोणी काढलं ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून लोकांना मी दोन गोष्टी सांगते. होज पाइपचं तोंड बादलीत बुडवून ठेवू नका, पाण्याच्या वर वीतभर धरा. आणि ज्या पाइपाचं काम माहीत नाही, त्याचं तोंड बंद करू नका. हे सांगून झालं की मी प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारते, "आवाज येतो, वास येतो, दिसायला बरं नाही, म्हणून कोणी काही बंद केलंय का?" आधी सगळे एकमेकांकडे बघतात. मग मागच्या रांगेतून एक हात वर येतो. आजवर एकही सोसायटी अशी भेटली नाही, जिथे तो आला नाही.