स्क्रीनला पुन्हा विचारणाऱ्या ताई

ब्राउझरची खिडकी वरच्या पट्टीला धरून ताई एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर ओढायच्या, आणि ओढताना स्वतःही खुर्चीवरून अर्ध्या उठायच्या. जणू खिडकीला वजन आहे. ती पलीकडे पोचली की मान वाकडी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "एकदा विचारलं म्हणजे विचारलं न्हाय."

भाईंदर पश्चिमेला मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी आम्ही ऑनलाइन अल्बम बनवतो. ताई तिथल्या सगळ्यात जुन्या. जवळच्याच मुर्धा गावच्या. घरचं मिठागर होतं. आता तिथे टॉवरच्या जाहिरातीचा फलक उभा आहे आणि त्यावरचं कुटुंब ताईंच्या बापाच्या जमिनीकडे बघून हसतं. हे वाक्य माझं आहे. ताई एवढंच म्हणायच्या, "जमीन गेली, खाज राहिली."

खाज होतीच. त्या बसायच्या नाहीत. चहा उभ्याने, फोन फेऱ्या मारत, आणि कोड वाचायला बसल्याच तर पाय असा हलायचा की शेजारच्या टेबलावरचा माझा कप सरकत कडेला यायचा.

मी पत्रकांच्या घरातली. वडील रत्नागिरीहून आले ते थेट युनियनमध्ये. आमच्या डब्याखाली, खणात, गादीखाली पत्रकंच असायची. अक्षरओळख मला 'कामगार बंधूंनो' यावर झाली. त्यामुळे कुठे काही खटकलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो. ताईंना याची फार गंमत वाटायची. "आज कोणाविरुद्ध, बाय?" असं त्या सकाळीच विचारायच्या.

आता त्या स्क्रीनला काय विचारायच्या ते सांगते. काही स्क्रीन दिव्यांचा झगमगाट आणि मांडवाच्या कोपऱ्यातला अंधार एकाच चित्रात नीट दाखवू शकतात. त्याला एचडीआर म्हणतात. सगळ्यांना ते जमत नाही. झगमगाटासाठी बनवलेला फोटो साध्या स्क्रीनवर गेला, तर रंग मेल्यासारखे दिसू शकतात. म्हणून आमचं पान उघडलं की ते ब्राउझरला विचारतं, या स्क्रीनला झेपेल का? 'हो' आलं तर झगमगीत फोटो, 'नाही' आलं तर साधा.

ऐकायला सोपं आहे. पण तुम्हीही आयुष्यात 'हो' म्हणणारे पाहिले असतीलच. ताईंच्या टेबलावर एक स्वस्तातला मॉनिटर होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत एचडीआर लिहिलेलं, आणि काहीही दाखवलं तरी मळकं. ब्राउझरने विचारलं की मात्र उत्तर कायम 'हो'. त्याचं नाव ताईंनी पुढारी ठेवलं होतं. "पुढाऱ्यावर बघितलंस काय?" असं विचारल्याशिवाय त्यांनी माझं एकही पान पुढे जाऊ दिलं नाही.

आणि चूक झाली ती त्यांच्याच हातून.

काशीगावातल्या एका घरात नवी सून आली होती. सत्यनारायणाची पूजा झाली, पाहुणे जमले, आणि नवऱ्या मुलाने हळदीचा अल्बम लॅपटॉपवर उघडला. लॅपटॉप चांगला होता. पानाने विचारलं, 'हो' आलं. मग सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने वायर जोडली आणि खिडकी भिंतीवरच्या जुन्या टीव्हीवर ओढली. आपल्याकडे लग्नाचे फोटो कोणी एकट्याने बघत नाही, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. पान उघडताना एकदा विचारून मोकळं झालं होतं. टीव्हीला कोणी विचारलंच नाही.

नवरी सावळी. टीव्हीवर तिचा चेहरा राखेत लोळल्यासारखा आला, हळद मातीसारखी. भरल्या घरात चुलतसासू म्हणाली, "बघायला गेलो तेव्हा अशी नव्हती." मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती बाहेरच्या खोलीत कोणी असलं की येईनाशी झाली. फोटोग्राफरने हे सगळं आम्हाला फोनवर सांगितलं, शिव्यांसकट.

आमच्या सरांकडे उपाय तयार होता. "अरे, दुल्हन को थोडा गोरा कर दो ना. सबको कर दो, झंझट खतम."

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि मथळा लिहिला. ताईंनी तो कागद उचलून पुढाऱ्याखाली सरकवला.

"पत्रक नंतर. आधी चूक काढू, मग चप्पल घाल. त्या पोरीच्या घरी जायचंय."

दुपारपर्यंत त्या उभ्यानेच काम करत होत्या. आता पान एकदा विचारून गप्प बसणार नव्हतं. खिडकी दुसऱ्या स्क्रीनवर गेली की नव्याने विचारणार होतं. शिवाय कोपऱ्यात त्यांनी एक बटण ठेवलं: 'साधा फोटो'.

"हे कशाला? ब्राउझर सांगतोय ना."

"पुढारी पण सांगतोय. बघणाऱ्याला डोळे हायत ना, बाय? त्याच्या हातात काहीतरी दे."

रिक्षात त्या दांडीवर बोटांनी ताशा वाजवत होत्या. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

काशीगावच्या घरात मुलीच्या सासूबाईंनी पाणी दिलं. चुलतसासू पलीकडच्या इमारतीत राहायची, ती आमच्या आधीच येऊन बसली होती. ताई उभ्याच राहिल्या. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "पान मी लिहिलं. मी तुमच्या टीव्हीला विचारलंच न्हाय."

"टीव्हीला काय विचारायचं असतं?" चुलतसासू म्हणाली.

"तुला झेपतंय काय ते."

"मग माणसांना पण विचारत जा," सासूबाई जावेकडे बघत म्हणाल्या. चुलतसासू पदर सारखा करू लागली.

नवऱ्या मुलाने वायर जोडली. पण जिच्यासाठी आलो ती बाहेर येईना. ताई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, "तुझं तोंड बरोबर होतं, बाय. माझं पान चुकलं. चल, तूच ओढ. मी ओढलं तर यांना वाटेल काहीतरी करून आणलंय."

मुलगी आली. ओढणीला हात पुसले आणि कोणाकडे न बघता खिडकी टीव्हीकडे ओढली. क्षणभर तीच राख. मग चित्र लुकलुकलं आणि हळद उजळली. गालावर पिवळा फटकारा, खाली तिचा स्वतःचा सावळा, तुकतुकीत रंग, आणि तोंड उघडून हसू. तिने खिडकी मागे नेली, परत आणली. परत नेली, परत आणली.

"हां, अशीच होती," चुलतसासू म्हणाली.

"अशीच आहे," मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

मला चार शब्द बोलायचे होते. रंगाबद्दल, बाजाराबद्दल, सगळ्याच मुलींबद्दल. मी तोंड उघडलं तेवढ्यात ताईंनी माझ्या हातात लाडू ठेवला. "खा. ती बोलली ना."

मला वाटलं, विषय संपला. पण बाकीच्या फोटोग्राफरांना सरांची कल्पना कळली होती आणि ती आवडली होती. प्रत्येक अल्बमात नवरी आपोआप थोडी गोरी. कोणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. सरांनी ते काम ताईंना दिलं.

"माझ्या हातून व्हायचं न्हाय."

"मार्केट की डिमांड है, मॅडम."

"त्या पोरींना विचारलं काय?"

सर हसले. ताईंनी चहाचा कप विसळून पालथा घातला, पिशवी घेतली. मीही उठले. मथळा तयार होता, आणि राजीनामाही. जिन्यात त्यांनी मला अडवलं. "तू बस. दोघी गेलो तर उद्या दुसरा कोणी येईल आणि जेवणाच्या आधी करून टाकील." मी खूप भांडले. त्या एकेक पायरी खाली जात उत्तरं देत राहिल्या, आणि मग रस्त्यावर गेल्या.

आता त्या ठाण्याला कुठेतरी असतात म्हणे. मेसेजला उत्तर देत नाहीत. पुढारी माझ्या टेबलावर आला आहे, खाली तो मथळ्याचा कागद तसाच.

सर अधूनमधून येऊन उभे राहतात. "वो गोरा वाला कब डालेगी?"

"नहीं डालूँगी, सर."

"कल फिर पूछूँगा."

"पूछिए."

ते दुसऱ्या दिवशी खरंच विचारतात. मी तेव्हा बहुतेक खिडकी पुढाऱ्यावर ओढत असते, खुर्चीवरून अर्धी उठलेली. तशीच उभी राहून 'नाही' म्हणते.