चौदा भाज्यांचं तळं

तळ्यात गाळ साठतो ना, तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम टाकत नाही. आमच्या तळ्याच्या घाटावरच्या बायकांचे तर इतके साठले, की नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." मला कुठे लिहायला येतंय!

फाळणीनंतरची बंगालमधली ती वर्षं. ह्यांचं ऑफिस गार्डन रीचला, रेल्वेत. आम्ही बालीगंजला भाड्यानं राहायचो. मागे घरमालकांचं तळं. मालक शिबूबाबू, पण तळ्यावर राज्य त्यांच्या आईचं. तिला सगळे ठाकुमा म्हणत, म्हणजे आजी. कालीपूजेच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला, बंगाल्यांकडे चौदा तऱ्हेच्या पालेभाज्या खातात, चौदा पूर्वजांच्या नावानं. ठाकुमा त्यातली एकही बाजारातून आणायची नाही. पाच तळ्यातल्या नि काठावरच्या, उरलेल्या अंगणातल्या. "ह्या तळ्यात माझ्या सासऱ्यांचं ताट आहे," म्हणायची!

*

उथळ पाण्यात शुशनी नावाचा चार पानांचा पाला होई. खाल्ला की झोप लागते म्हणे. ह्यांना झोप नसायची, तर ठाकुमानं मूठभर दिला. ताट बघून हे म्हणाले, "रेल्वेनं बैल म्हणून भरती केलंय का मला?" तरी खाल्ला. सकाळी ह्यांची ऑफिसची बजबजची लोकल गेली, पुढचीही गेली, हे आपले घोरतायत! साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. मी तक्रार घेऊन गेले. ठाकुमा मला बौमा म्हणायची, म्हणजे सूनबाई.

"बौमा," म्हणाली, "मग साहेबालाही थोडा पाठव ना!"

*

पूर्वेकडून माणसांचे लोंढे येत होते. खुकूची आई त्यातलीच. नवरा वाटेतच गेलेला. सरहद्दीवरच्या झडतीत तिच्या बोचक्यातून चिखलाचा गोळा निघाला. शिपाई ओरडला, "हे काय?"

"आमचं तळं," ती म्हणाली.

आत शापल्याचा कंद होता, पांढऱ्या कुमुदाचा. ठाकुमानं तो घाटापाशी लावू दिला. पहिलं फूल आलं, त्या दिवशी खुकूची आई त्याच्याकडे पाठ करून बसली. मी म्हटलं, "का गं?"

"ते इथं रुळलं, दीदी. आता मला परत कोण नेणार?"

*

आम्ही मराठी कुटुंबं मिळून गणपती बसवायचो. आरास कुसुमताईंकडे, त्यांचे यजमान बँकेत. एका वर्षी त्यांना बजबजच्या खाडीत जांभळी फुलं दिसली, पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. बाई हरखल्या! ताजी राहावीत म्हणून मुळांसकट टोपलीभर आणली. विसर्जनाला ठाकुमा नेमकी लेकीकडे. गणपतीमागोमाग सगळं तळ्यात सोडलं.

ती जलपर्णी होती.

पुढच्या पावसाळ्यात पाणी दिसेना. खाली ऊन नाही, वारा नाही. शुशनी गेली, शिंगाडा सडला, खुकूच्या आईचा शापला काळा पडला. आम्ही बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून ओढून काढायचो, चार दिवसांत पुन्हा तेवढीच! कुसुमताई घाटावर बसून रडल्या.

ठाकुमा म्हणाली, "रडू नकोस. तुमचा देव वेळेवर गेला गं. पाहुणा तेवढा ठेवून गेला!"

*

शिबूबाबूंना तळं बुजवायला आयतं कारण मिळालं. "मा, नुसते डास आहेत तिथं. आणि लोकांना घरं हवीत." घरं हवी होती हे खोटं नव्हतं, खुकूची आई अजून स्टेशनच्या फलाटावर झोपायची. मग ट्रकमागून ट्रक राख यायला लागली, गिरण्यांच्या भट्ट्यांमधली. ठाकुमा घाटाच्या पायरीवर बसून राहिली. राख तिच्या पावलांना लागली, तेव्हा तिला उचलून आत नेलं.

शिबूबाबू म्हणाले, "चौदाच्या चौदा भाज्या मी बाजारातून आणून देईन."

"तुझ्या बापाच्या ताटात बाजारातलं?" एवढंच ती बोलली.

आणि त्या जागेवर घर बांधलं ते कुणा वकिलानं. खुकूची आई तिथं भांडी घासायला लागली!

*

त्या वर्षी नरकचतुर्दशीला मी चकल्या घेऊन गेले. शिबूबाबू पानावर बसलेले. रीतीला पक्के! चौदा झाल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. दरवर्षी ठाकुमा सगळा पाला एकत्र चिरून परतायची. त्या दिवशी चिमटी चिमटी वेगळी वाढत होती. अंगणातला कडुनिंब, कुंपणावरची गुळवेल, परसातली मोहरी... नऊ झाल्या आणि तिचा हात थांबला.

"मा, पाच राहिल्या," शिबूबाबू म्हणाले.

ठाकुमानं पदराची गाठ सोडली. ताटाच्या कडेनं काळ्या राखेच्या पाच चिमट्या मांडल्या.

"मोज," म्हणाली. "आणि खा."